जुन्या मोटरहोममध्ये मुरलेलं पाणी : गोव्याच्या हवेत दुरुस्तीचा क्रम

जुन्या मोटरहोममध्ये, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीत, जुलैत गादीखाली ओल दिसते. पावसाने जरा उघडीप दिली की कोणीतरी सिलिकॉनची नळी घेऊन टपावर चढतं आणि दिसेल ती फट भरतं. ऑक्टोबरात आतला डाग घासून वर रंग मारला जातो. पुढच्या जुलैत ओल पुन्हा हजर, फक्त या वेळी दीड हात पलीकडे. अशा गाड्या मी इतक्या पाहिल्या आहेत की आता कोणी विचारलं तर आधी एवढंच सांगतो : सिलंट कोणता हा प्रश्न सर्वात शेवटचा. बहुतेक दुरुस्त्या मालामुळे फसत नाहीत, क्रम चुकल्यामुळे फसतात.

क्रम असा : ओल मोजा, उगम शोधा, गाडी छपराखाली घ्या, उघडा, वाळवा, कुजकं आणि गंजलेलं काढा, सांगाडा उभा करा, बाहेरून सील करा, पाणी मारून पाहा आणि मगच आतून बंद करा. यातली एकही पायरी मागेपुढे झाली की पावसाळ्यात ती तुम्हाला शोधत येते.

गोव्यात दिसणाऱ्या जुन्या मोटरहोम साधारण दोन जातींच्या. एक, युरोपातून आलेली : लाकडी पट्ट्यांची चौकट, बाहेर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा किंवा फायबर, मधे थर्माकोल, आत ३ मिलिमीटरचा प्लाय. दुसरी, आपल्याकडेच मिनीबसवर किंवा ट्रॅव्हलरवर बांधलेली : लोखंडी चौकोनी पाइपचा सांगाडा, त्यावर पत्रा, खाली जाड प्लायची जमीन, आतून सनमायका. पहिली कुजते, दुसरी गंजते. दुसरीची जमीनही कुजते, पण ते बहुतेकांना पाय आत गेल्यावरच कळतं.

## आधी कॅलेंडर बघा

घराची कौलं परतायला मे उजाडला तरी चालतं. गाडीचं तसं नाही. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. मेमध्ये उघडलेली भिंत जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत वाळत नाही. मग घाईने बंद केली जाते आणि ओल आतच कोंडते.

काम दिवाळीनंतर सुरू करा. नोव्हेंबर-डिसेंबर शोधायला आणि उघडायला, जानेवारीअखेरपर्यंत वाळवायला, फेब्रुवारी-मार्च बांधायला, मार्चअखेर-एप्रिल सील करून पाणी मारायला. मे महिना मोकळा ठेवा. तो लागतोच.

भर पावसात गळती सापडली तर त्या वेळी दुरुस्ती करू नका. गाडी शेडखाली न्या. शेड नसेल तर ताडपत्री घाला, पण ती पत्र्याला चिकटता कामा नये. खाली बांबू किंवा पाइप घालून हातभर उंच धरा, बाजूंनी वारा फिरू द्या. घट्ट गुंडाळलेल्या ताडपत्रीखाली गाडी आतून घामाघूम होते. एखाद्या फटीला तात्पुरतं काही लावायचंच असेल तर पत्रा कोरडा करून ब्युटिलची (मऊ, चिकट रबराची) पट्टी लावा. ती नंतर सोलून काढता येते. सिलिकॉन लावू नका. का, ते आठव्या टप्प्यात येईल.

## १. तयारी

गाडी सपाट जागी उभी करा. पण त्याआधी एक गोष्ट लिहून ठेवा : गळती झाली तेव्हा ती कशी उभी होती? तोंड उताराला होतं की मागची बाजू? पाणी त्या दिशेने धावलेलं असतं. सपाट जागी आणल्यावर हा धागा हरवतो.

मग वीज आणि गॅस. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, इन्व्हर्टर बंद करा, बाहेरून येणारी २३० व्होल्टची केबल काढून ठेवा. सोलर पॅनल असेल तर त्यावर जाड काळं कापड टाकून मगच त्याची जोडणी सोडा, कारण उजेड आहे तोवर पॅनल वीज देतच असतं. गॅस सिलिंडर गाडीबाहेर काढा. नुसता रेग्युलेटर बंद करणं पुरेसं नाही, पुढे ग्राइंडरच्या ठिणग्या उडणार आहेत.

गाद्या, पडदे, कपाटातलं सामान, सगळं बाहेर. टाकीतलं पाणी रिकामं करा.

सावधान : पावसाळाभर उभ्या गाडीत उंदीर राहून गेलेले असतात. त्यांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो, आणि ओल्या लाकडातले काटे हाताला लागल्याशिवाय राहत नाहीत. रबरी हातमोजे आणि एन-९५ मास्क पहिल्या दिवसापासून वापरा. काचलोकर (ग्लासवूल) काढताना डोळ्यांना चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्टही हवा.

गाडी किनाऱ्याजवळ उभी राहत असेल, हरमल, मोरजी, पाळोळे कुठेही, तर काम सुरू करण्याआधी बाहेरून आणि खालून गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. मीठ पत्र्यावर राहिलं तर नंतरच्या प्रायमरखालीही गंज चालूच राहतो.

साधनं फार लागत नाहीत. टोचणीचा ओलावा-मापक, हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर, टॉर्च, प्लास्टिकचा खरवडा, खोली ठरवता येणारं कटर, मास्किंग टेप. आणि एक वही. वहीत गाडीच्या चार भिंती, टप आणि जमीन यांचे सहा चौकोन काढा, प्रत्येकात साधारण एक-एक फुटाच्या रेघा आखा. हा नकाशा न काढता काम सुरू करणाऱ्यांना दोन महिन्यांनी आधी काय होतं ते आठवत नाही, आणि वाळलं की नाही हे ठरवायला त्यांच्याकडे काहीच नसतं.

## २. ओल कुठपर्यंत गेली आहे ते मोजा

डाग म्हणजे ओलीची हद्द नव्हे. डागाच्या दोन-तीन फूट पलीकडेही प्लाय ओला असू शकतो, फक्त रंग बदललेला नसतो.

अंगठ्याने दाबत जा. प्लाय दबला, कागदासारखा कुरकुरला किंवा वॉलपेपरला बारीक सुरकुत्या दिसल्या तर तिथे खूण करा. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. कोरड्या जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी पोकळ, कुजलेल्या जागी मेलेला. मग मापकाच्या टोचण्या खुपसून आकडे घ्या आणि नकाशात भरा.

मापकाबद्दल तीन गोष्टी. टोचणी पत्र्याला किंवा चमकीच्या कागदाला टेकली तर आकडा खोटा येतो. लाकडात मीठ असेल तरी आकडा फुगतो. प्लायमधल्या गोंदामुळेही थोडा फरक पडतो. म्हणून गाडीतली एक हमखास कोरडी जागा निवडा, उदाहरणार्थ वरच्या कपाटातला मधला फळा, आणि तिथला आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तोच तुमचा पाया. बाकी सगळे आकडे त्याच्याशी ताडून बघायचे.

खिडक्यांचे खालचे कोपरे, चाकांच्या कमानीवरची कपाटं, पलंगाखालचा भाग, ड्रायव्हरच्या डोक्यावरची झोपायची जागा, टपावरच्या झडपेभोवतीचा हातभर परिसर आणि जमिनीच्या चारही कडा या जागा कधीही वगळू नका.

तपासणी : नकाशावर ओल्या भागाभोवती सलग कोरड्या आकड्यांचं कुंपण झालं का? एका बाजूनेही ते उघडं असेल तर मोजणं संपलेलं नाही.

## ३. उगम शोधा

बहुतेकांची चूक इथे होते. पाणी वरून शिरतं, चौकटीवरून किंवा पाइपवरून वाहतं आणि जिथे अडतं तिथे डाग सोडतं. लोखंडी सांगाड्याच्या गाडीत टपावरच्या एका ढिल्या रिव्हेटमधून आलेलं पाणी आडव्या पाइपवरून दोन-तीन मीटर जाऊन भलत्याच खिडकीपाशी उतरतं. मग ती बिचारी खिडकी दरवर्षी सील होत राहते.

आधी गाडीतलंच पाणी गळत नाही ना ते पाहा. गाडी छपराखाली कोरडी असताना टाकीत खाण्याचा रंग घातलेलं पाणी भरा. बॅटरी फक्त या चाचणीपुरती जोडा, पंप चालू करून सगळे नळ बंद ठेवा. पंप अधूनमधून आपोआप सुरू होत असेल तर कुठला तरी सांधा दाब सोडतो आहे. रंगीत थेंब कुठे दिसतो ते शोधा. एसी असेल तर त्याच्या पाण्याची नळी तुंबलेली नाही ना तेही बघा. तिचं पाणी थेट छतात उतरतं आणि उन्हाळ्यातही गळती दाखवतं.

मग घाम. पावसाळ्यात बंद गाडीत स्वयंपाक केला, ओले कपडे वाळत घातले की वाफ थंड पत्र्यावर जमते. ही ओल मोठ्या भागावर सारखी पसरलेली असते, तिला तपकिरी कड नसते. गळतीच्या डागाला चहाच्या कपाखाली उमटावी तशी कड असते. घामाची ओल सील करून थांबत नाही, हवा खेळती केली तरच थांबते.

आता बाहेरून पाणी. एक जण आत टॉर्च घेऊन, एक जण बाहेर नळी घेऊन. नळीला पिस्तूल लावू नका, साधं वाहतं पाणी पुरे. गॅरेजमधला प्रेशर पंप तर मुळीच नको, तो चांगल्या सांध्यातूनही पाणी आत घुसवतो. सुरुवात खालून : आधी खिडकीची खालची कड, दहा मिनिटं. मग तिच्या बाजू, दहा मिनिटं. मग वरची कड, मग टपाची पन्हळ, सर्वात शेवटी टप. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि काहीच कळत नाही.

संशय घ्यायच्या जागा माझ्या अनुभवाप्रमाणे अशा : टपावरच्या झडपेची चौकट, कॅरिअर आणि सोलर पॅनलचे बोल्ट, मागच्या शिडीचे पाय, टप आणि भिंत यांच्या सांध्यावरची पट्टी, चांदणीच्या (गाडीच्या बाजूला उघडणाऱ्या कापडी छताच्या) पट्टीचे स्क्रू, वरचे छोटे दिवे, पुढच्या काचेचं रबर. जमीन ओली असेल तर चाकाच्या कमानीतून उडणारं पाणी. हे पाणी मारून सापडत नाही. गाडीखाली आडवं होऊन टॉर्चने बघावं लागतं.

पाण्याने सापडलं नाही तर हवा. सगळ्या झडपा आणि फटी टेपने बंद करून खिडकीतून ब्लोअरने आत हवा सोडा आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. जिथे बुडबुडे येतात तिथे वाट आहे. पाणी ज्या फटीत वीस मिनिटं रेंगाळतं ती फट हवा लगेच दाखवते.

सावधान : स्वयंपाकघराजवळ जमिनीत गॅस बाहेर पडण्यासाठी भोकं ठेवलेली असतात. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो तिथूनच खाली जातो. चाचणीनंतर त्यांच्यावरचा टेप काढल्याची खात्री करा, आणि ती भोकं पुढेही कधी बुजवू नका.

एक उगम सापडला म्हणून थांबू नका. जुन्या गाडीत एकाच वयाचे सगळे सांधे असतात. एक गेला तर बाकीचेही त्याच वाटेवर असतात.

## ४. उघडा

उघडायचं आतून. बाहेरचा पत्रा शक्यतो सोडवू नका, तो परत तसा बसत नाही.

आधी पट्ट्या, कोपरे, कपाटं काढा. प्रत्येक तुकड्याच्या मागे पेन्सिलने नंबर घाला, तोच नंबर भिंतीवर आणि नकाशात. स्क्रू वेगवेगळ्या पिशव्यांत. मग ओल्या भागापासून सुरू करून कोरड्या भागात एक फूट आत जाईपर्यंत आतला प्लाय कापा. कटरची खोली ३-४ मिलिमीटरच ठेवा. मागे वायरी असतात, आणि जुन्या गाडीत त्या कुठून गेल्या आहेत ते कोणालाच माहीत नसतं.

काढलेला कुजका प्लाय टाकून देऊ नका. नवीन तुकड्यासाठी तोच साचा. मोठे तुकडे शक्य तितके अखंड काढा.

टपाखालच्या आडव्या पट्ट्या कुजल्या असतील तर खालून टेकू देऊन मगच हात लावा. एका वेळी एकच पट्टी काढायची. सगळ्या एकदम काढल्या की टप मधे बसतो आणि त्यानंतर तिथे कायम पाणी साचतं.

फायबरच्या भिंतीला बाहेरून फुगा आला असेल तर भोक पाडून आत राळ (रेझिन) भरण्याचा सल्ला मिळेल. आतलं लाकूड ओलं आहे तोवर राळ धरत नाही. फुगा दाबला जातो, कूज तशीच राहते. तीही भिंत आतून उघडावी लागते.

## ५. वाळवा

या टप्प्याला सर्वात जास्त दिवस लागतात आणि सर्वात कमी दिले जातात.

माझ्या गाडीचा मागचा कोपरा मी पहिल्यांदा मेमध्ये उघडला. आठ दिवस पंखा लावला, हाताला कोरडं लागलं म्हणून नवीन प्लाय ठोकून बंद केलं. चवथीच्या सुमारास कपाट उघडलं तर कुबट वास. प्लाय काढून पाहिला तर त्याच्या मागच्या बाजूला पांढरी बुरशी, आणि जुन्या पट्टीच्या पोटात बोट रुतेल इतकी ओल. सिलंटने काम चोख केलं होतं. पाणी नवीन आलंच नव्हतं, मी जुनंच कोंडलं होतं.

म्हणून आधी बुरशी, मग पंखा. बुरशी दिसत असताना पंखा लावला तर तिची बीजं गाडीभर उडतात. ती ओल्या फडक्याने पुसून घ्या, फडकं पिशवीत बांधून टाका. नुसत्या ब्लीचने लाकडावरचा रंग जातो, आत शिरलेली बुरशी जात नाही. जिथे ती खोल गेली आहे तो तुकडा काढावाच लागतो.

ओलं काचलोकर फेका, ते वाळवण्याच्या भानगडीत पडू नका. थर्माकोल स्वतः पाणी फारसं पीत नाही, पण त्याच्या आणि पत्र्याच्या मधे पाणी अडकून राहतं. ओल्या भागातला तोही काढा.

सकाळी दव उतरेपर्यंत गाडी बंद ठेवा. आतल्या डोंगराळ भागात, सत्तरी-सांग्याकडे, हिवाळ्यात दव पावसासारखं पडतं. नऊ-दहाला ऊन चढलं की सगळं उघडा, पंखे आडवे लावून हवा भिंतीच्या पोकळीतून फिरेल असं करा. संध्याकाळी सूर्य बुडायच्या आत बंद करा आणि रात्री ओलावा खेचणारं यंत्र चालवा. ते चालू असताना खिडकी उघडी ठेवली तर ते सगळ्या गावची हवा वाळवत बसतं. कपाटात ठेवायच्या ओलावा शोषणाऱ्या डब्या या कामाला पुरत नाहीत.

सावधान : हीटगन किंवा हॅलोजन दिवा जवळ लावून घाई करू नका. वरचा थर वाळतो, तडकतो, आतली ओल तशीच राहते. थर्माकोल वितळून पेटण्याचा धोका वेगळाच.

किती कोरडं म्हणजे कोरडं? परदेशी पुस्तकात १२ टक्के किंवा त्याहून कमी लिहिलेलं असतं. किनाऱ्यावर हा आकडा धरून बसलात तर गाडी कधीच बंद होणार नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकूड १४ टक्क्यांजवळ स्थिरावतं, ८५ टक्क्यांना १७ च्या पुढे. त्याखाली ते जात नाही, कारण हवेतून परत पाणी घेतं. उलट २० टक्क्यांच्या वर सतत राहिलेलं लाकूड कुजायच्या वाटेला लागतं.

तपासणी : आठ-आठ दिवसांच्या अंतराने तीन वेळा मोजा. तिन्ही आकडे सारखे आले, आणि पहिल्या पानावरच्या कोरड्या आकड्याच्या दोन टक्क्यांच्या आत असले, तरच पुढे जा. पातळ भिंतीला तीन-चार आठवडे लागतात. जाड प्लायच्या जमिनीला, विशेषतः खालून डांबरी रंग असेल तर, दोन महिनेही लागतात.

## ६. काय ठेवायचं, काय काढायचं

वाळल्यावरच हे ठरवता येतं. ओलं असताना चांगलं लाकूडही मऊ लागतं.

स्क्रू-ड्रायव्हरचं टोक जोर न लावता लाकडात दाबा. सहज आत गेलं, किंवा लाकूड चौकोनी तुकड्यांत मोडलं, तर ते काढा. कुजक्यापलीकडे एक फूट चांगलं लाकूडही कापून घ्या. नुसतं काळं पडलेलं पण टणक लाकूड राहू द्या. पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारी राळ) पाजून लाकूड घट्ट करण्याची युक्ती खिडकीच्या कडेसारख्या लहान जागेला ठीक, वजन पेलणाऱ्या पट्टीला नाही.

राहिलेल्या लाकडाला बुरशी आणि वाळवीसाठी टाकणखाराचा (बोरॅक्सचा) हात द्या : १ लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम टाकणखार आणि ४० ग्रॅम बोरिक ॲसिड. ब्रशने दोन वेळा भरपूर लावा. हे पाण्यातलं औषध आहे, म्हणून लावल्यावर पुन्हा आठवडाभर वाळवावं लागतं. पुन्हा पाणी लागलं तर ते धुऊनही जातं, तेव्हा त्याच्या भरवशावर सील करण्यात ढिलाई नको.

लोखंडी सांगाड्यात तारेच्या ब्रशने गंज सैल करा, मग हातोडीने हलकेच ठोका. पाइप वाजला तर वरवरचा गंज आहे, दबला तर पाइप आतून गेला आहे. वरवरच्या गंजाला घासून, गोड्या पाण्याने धुऊन, त्याच दिवशी वाळवून गंजरोधक द्रावण, त्यावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर रंग. पाइपच्या सर्वात खालच्या टोकाला पाणी निघायला भोक आहे का ते पाहा. पुष्कळ गाड्यांत ते रंगाने किंवा मातीने बुजलेलं असतं आणि पाइप आतून पाण्याने भरलेला असतो.

गेलेला पाइप बदलायला बसची बॉडी बांधणाऱ्या गॅरेजमध्येच जा. वेल्डिंगच्या जागेभोवती मीटरभर तरी फोम, प्लाय, वायरी काही नको. बॅटरी सोडलेली हवी. काम झाल्यावर तासभर कोणीतरी तिथेच थांबावं. मूळ रचनाच बदलायची असेल तर आधी वाहतूक खात्यात विचारा.

## ७. सांगाडा आणि जमीन

नवीन पट्टी वाळलेल्या सागवानाची किंवा चांगल्या पाइनची. जमिनीला आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय. पण मरीन प्लायच्या नावावर विसंबून त्याच्या कडा उघड्या सोडू नका. पाणी प्लायच्या कडेतूनच शिरतं. कापलेली प्रत्येक कड आणि स्क्रूचं प्रत्येक भोक इपॉक्सीने दोनदा भरून घ्या.

फायबरच्या कामासाठी होड्या बांधणारे कारागीर सर्वात उपयोगी, त्यांच्या हाताला ते काम माहीत असतं. फक्त त्यांना सांगा की आत थर्माकोल आहे. होडीला वापरतात ती पॉलिएस्टर राळ थर्माकोल खाऊन टाकते. रबरी चिकटद्रव्यही तेच करतं. थर्माकोलजवळ इपॉक्सी वापरा.

सावधान : पॉलिएस्टर राळीचं काम स्वतः करणार असाल तर कोबाल्ट आणि हार्डनर (राळ घट्ट होण्यासाठी तिच्यात घालायची दोन द्रव्यं) एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट राळीत पूर्ण ढवळा, मग हार्डनर. दोन्हींच्या बाटल्या वेगवेगळ्या जागी ठेवा.

उष्णता अडवायला फोमचे तुकडे पोकळीच्या मापाने घट्ट कापा. मधे सुटलेल्या फटीत पुढच्या पावसाळ्यात घाम जमतो.

## ८. बाहेरून सील

जुना सिलंट पूर्ण काढल्याशिवाय नवा लावायचा नाही. जुन्या सिलिकॉनचा डोळ्यांना न दिसणारा थर राहिला तरी त्यावर दुसरं काही धरत नाही, सिलिकॉनसुद्धा नीट धरत नाही, आणि रंगही बसत नाही. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्याला गंजवतं. एका पावसाळी दुपारी घाईने ओढलेली ती एक रेघ काढायला मला पूर्ण दिवस गेलेला आहे. प्लास्टिकच्या खरवड्याने सोला, उरलेलं सिलिकॉन काढायच्या द्रावणाने पुसा, शेवटी स्पिरिटने. पाण्याचा थेंब टाकून बघा : मोत्यासारखा गोल राहिला तर सिलिकॉन अजून आहे.

कुठे काय लावायचं ते असं. झडपेच्या, दिव्याच्या, शिडीच्या चौकटीखाली ब्युटिल पट्टी, कारण ती मऊच राहते आणि पुढे उघडता येते. पत्र्याच्या सांध्यांना पॉलियुरेथेन किंवा एमएस पॉलिमर सिलंट. ॲक्रिलिकच्या खिडकीला पॉलियुरेथेन आणि थिनर दोन्ही नको, काचेला बारीक चिरा जातात.

वेळ सांभाळा. भर दुपारी टपाचा पत्रा हात लावू देत नाही. त्या वेळी तो ताणलेला असतो, सिलंटखाली फुगे धरतात. दव पुसून पत्रा कोरडा झाल्यावर सकाळी, किंवा उन्हं कलल्यावर सावलीत काम करा. आपल्या दमट हवेत पॉलियुरेथेनवर साय लवकर धरते, म्हणून एका वेळी दोन फूटच ओढा आणि लगेच बोटाने दाबून घ्या.

चौकट बसवताना स्क्रू एकदम आवळू नका. समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत जा, ब्युटिल चारही बाजूंनी सारखं बाहेर आलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा आवळा. प्रत्येक स्क्रू सिलंटमध्ये बुडवून घाला. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात स्टीलचा उघडा स्क्रू खाऱ्या हवेत पत्र्याला भोवतालून खातो, सिलंटचा थर दोघांना वेगळं ठेवतो.

सिलंट वरून आत असा सुकतो, दिवसाला साधारण ३ मिलिमीटर. जाड रेघेला आठवडाभर पाणी दाखवू नका.

## ९. पाणी मारा, मगच आतून बंद करा

नवीन सांगाडा अजून आतून उघडा आहे, ही चाचणीची एकमेव चांगली वेळ. आतला प्लाय ठोकल्यावर पाणी मारणारे पुन्हा डागाची वाट बघत बसतात.

उघड्या पट्ट्यांवर खडूची पूड लावा किंवा टिश्यू पेपर चिकटवा, एक थेंबही लगेच दिसतो. तिसऱ्या टप्प्यातल्याच क्रमाने, खालून वर, या वेळी टपावर अर्धा तास. गाडी सपाट, मग तोंड उताराला, मग मागची बाजू उताराला, अशी तीनदा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टॉर्च घेऊन बघा.

गळालं तर तेवढाच सांधा पुन्हा करा, तो भाग वाळवा, पुन्हा मोजा.

कोरडं राहिलं की आतला प्लाय, पट्ट्या, रंग किंवा सनमायका. हे सुतारकाम कोणालाही जमतं, त्यावर जास्त लिहीत नाही. फक्त जिथे गळती होती त्या जागांवर प्लाय चिकटवू नका, स्क्रूने बसवा, आणि प्रत्येक ठिकाणी तळहाताएवढी एक झाकणी ठेवा. तिच्यातून मापकाची टोचणी मागच्या पट्टीपर्यंत पोचली पाहिजे.

त्या झाकण्यांतून आकडे घ्यायचे दिवस वहीत आत्ताच लिहून ठेवा : पाऊस सुरू व्हायच्या आधी एकदा, पहिल्या मोठ्या सरीनंतर दुसऱ्या दिवशी, त्यानंतर आठवड्याने, चवथीला, आणि ऑक्टोबरात. पावसाळ्यात सगळे आकडे दोन-तीन टक्क्यांनी वर जातील, कोरड्या फळ्याचाही जाईल, ते हवेचं काम आहे. एकच झाकणी बाकीच्यांना सोडून एकटी वर जाऊ लागली तर त्याच दिवशी गाडी शेडखाली न्या.